मापाचं पोलकं

आमच्या घरात शिवणाचं यंत्र आलं ते माझ्या हौसेनं नव्हे, एवढं आधीच सांगून ठेवते. कचेरीतला कुणी साहेब बदलून निघाला, तलावापलीकडच्या त्याच्या बंगल्यात सामानाचा लिलाव झाला, आणि आमची स्वारी तिथे नुसती गंमत बघायला म्हणून गेली. गंमत बघायला गेलेला माणूस संध्याकाळी हमालाच्या डोक्यावर लोखंडाचं धूड चढवून परत आला. खुर्ची आणली असती तर कुणी बसलं तरी असतं! पण खुर्चीत सुधारणा कुठली? आणि आमच्याकडे त्या दिवसांत सुधारणेचं फार होतं. ओसरीवर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं, स्त्रियांची स्थिती किती शोचनीय आहे ते सगळ्या आळीला ऐकवायचं, आणि मधेच आत तोंड करून "अगं ए, पाणी!" म्हणून ओरडायचं.

यंत्र हाताने फिरवायचं होतं. उजव्या हाताने चाक, डाव्या हाताने कापड. वर एक रीळ, खाली काही नाही. "बघ, एका दोऱ्यात काम! दुसरा दोरा लागतच नाही. काय डोकं असेल त्या लोकांचं!" असं इकडून म्हणणं झालं. मी म्हटलं, डोकं असेल हो, पण त्यांनी ते विकून का टाकलं?

पहिला मान अर्थात यांच्या अंगरख्याचा. मी चाक फिरवून दोन्ही बाह्या जोडल्या आणि स्वारी ऐटीत कचेरीत गेली. तिथे कुणा भल्या माणसाला मनगटाशी दोरा लोंबताना दिसला, त्याने आपलेपणाने तो ओढला, आणि सर्र करून सगळी शिवण खांद्यापर्यंत उसवत गेली. बाही त्या भल्या माणसाच्या हातात आणि हे उपरणं गुंडाळून घरी! पुढे कित्येक दिवस ओसरीवर स्त्रियांच्या स्थितीबद्दल अक्षर निघालं नाही. मला फार बरं वाटलं.

मग मी ते यंत्र समजून घ्यायला बसले. त्याची शिवण म्हणजे एका दोऱ्याची साखळी. एक फास दुसऱ्यात, दुसरा तिसऱ्यात. जिथून शिवायला सुरुवात केली त्या टोकाला कितीही ओढा, ढिम्म हलत नाही. पण जिथे संपवली ते टोक ओढलं की काही उरत नाही. शेवटच्या फासातून दोरा ओवून घेतला तर तेवढ्यापुरती थांबते, तरी भरवसा नाही. पक्क्या शिवणीला असलं यंत्र काय कामाचं? पण कच्च्या शिवणीला मात्र सोनं! एरवी पोलकं बेतलं की आधी धावदोरा घाला, अंगावर घालून बघा, काढा, उसवा, पुन्हा घाला, यात दुपार जायची. आता स्क्रू फिरवून टाका लांब करायचा, दोरा सैल सोडायचा आणि चाकाचे चार फेरे मारले की पोलकं उभं. माप बसलं नाही तर एक टोक ओढायचं, कापड होतं तसं मोकळं. बसलं तर त्याच रेषेवर हाताने पक्की टीप घालायची आणि यंत्राची काढून टाकायची. यंत्राने कच्चं आणि हाताने पक्कं, असं उलटं घर अख्ख्या ठाण्यात दुसरं नसेल. शेजारणी पदरात तोंड घालून हसायच्या. हसू देत!

आता वन्संकडे येते, कारण ही सगळी गोष्ट त्यांची आहे. वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ती परकराचा ओचा करून चिंचा गोळा करत होती, पण नात्याने मान मोठा, म्हणून त्या शेंबड्या पोरीला मी "अहो वन्सं, नाक पुसा" असं म्हणायचं. ती मला "अगं वहिनी" म्हणायची. घरची रीत! तिचं लग्न नवव्या वर्षीच कल्याणला लावून टाकलं होतं. मुलगा बीजवर, चांगला मिशा पिळणारा बाप्या. पहिली बायको वारली होती. कशाने, ते विचारायचं नसतं. मुलीकडच्यांनी असलं काही विचारलं तर स्थळ हातचं जातं ना! ठरलं होतं इतकंच, की पोर अंगाने भरली की सासरी पाठवायची. कधी भरली ते कुणी ठरवायचं? व्याह्यांनी, दुसरं कोण.

आणि व्याही ते पोलक्यावरून ठरवत. आमच्यात रीत होती, की लग्न झालेल्या पण माहेरीच असलेल्या मुलीला सणासुदीला सासरहून परकर-पोलकं यायचं, आणि ते शिवायला माप म्हणून तिचं अंगातलं एक पोलकं सासरी जायचं. दसरा आला की कल्याणहून त्यांचा गडी दारात उभा. "मापाचं पोलकं द्या." संक्रांत आली की पुन्हा गडी. कौतुक कसलं डोंबलाचं! पोलकं आलं की व्याही स्वतः ते उलगडून बघतात असं त्या गड्यानेच एकदा आमच्या सासूबाईंना सांगितलं. "या खेपेला मालक म्हणाले, अजून थोडं आहे." हे ऐकून सासूबाई आत येऊन माजघरात भिंतीला टेकून बसल्या. वन्सं तेव्हा अकराव्या वर्षात होत्या.

सासूबाईंची तऱ्हा काय सांगू! पोरीने इतक्यात वाढू नये म्हणून देवाला साकडं घालायच्या आणि त्याच हाताने तिच्या भातावर तुपाची धार धरायच्या. वन्सं पडवळासारख्या वाढत होत्या. मी यांना म्हटलं, तुमच्या वर्तमानपत्रात येतं ना, मुलींना लहान वयात सासरी धाडू नये म्हणून? मग व्याह्यांना जाऊन सांगा की. तर हे म्हणाले, "अगं, लिहिणं वेगळं. मुलीकडचे आहोत आपण." पुढे व्याही एकदा कामाला ठाण्याला आले तेव्हा ओसरीवर बसून त्यांच्याशी पीकपाण्याच्या, कोपरीच्या मिठागरांच्या गोष्टी झाल्या. निघताना त्यांनी मुलीचा विषय काढला, तर आमचे सुधारक हात जोडून काय म्हणाले? "आपण वडीलधारे, आपली मर्जी." दाराआडून ऐकताना माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

वन्संनीही ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्या जेवायच्या बंद झाल्या. सासूबाई विचारतात, पोट दुखतं का? नाही. डोकं दुखतं का? नाही. मागच्या अंगणात मी एकटीला गाठलं तेव्हा म्हणाली, "वहिनी, जेवलं नाही तर पोलकं तेवढंच राहील ना?"

मी म्हटलं, वन्सं, तुम्ही मुकाट्याने जेवा. पोलक्याचं मी बघते.

संक्रांतीचा गडी यायच्या आदल्या दिवशी मी तिचं खणाचं पोलकं घेतलं, उलटं केलं, आणि दोन्ही बगलांच्या शिवणीत बोटबोट कापड आत दुमडून यंत्राखाली घातलं. दोन्ही बाह्यांना आतून एक चुणी, खालच्या काठाला एक. सगळं लांब टाक्याचं, कच्चं. मग पितळी तांब्यात निखारे घालून वरून फिरवला, कापड कसं चापूनचोपून बसलं! कल्याणला गेलं ते चांगल्या नऊ वर्षांच्या पोरीचं पोलकं गेलं. परत आलं तेव्हा मी टोक ओढलं, चुण्या सुटल्या, सुईची भोकं ओल्या बोटाने चोळून नखाने मिटवली, आणि वन्सं ते घालून शाळेत गेल्या. सासरहून आलेलं नवं पोलकं अर्थात अंगात शिरेना. ते मी उसवून बगलेत पट्ट्या घातल्या. व्याह्यांना निरोप गेला, सुनेला पोलकं फार शोभून दिसतं.

असं बरेच सण चाललं. दर खेपेला चुणी रुंद होत गेली. कापड आत घ्यायलाही मर्यादा असते, फार घेतलं की बगलेत गाठोडं दिसतं. वन्सं मोठ्या होत होत्या, मी त्यांना कापडात लहान करत होते, आणि आमचे हे येणाऱ्याजाणाऱ्याला यंत्र दाखवून सांगत होते, "आमच्याकडे सगळं शिवण यावरच होतं. वेळ किती वाचतो!" वेळ वाचवतच होते मी. कुणाचा, ते यांना कुठे ठाऊक?

आणि मग एका नागपंचमीला गडी एक दिवस आधीच आला. पोलकं यंत्राखालीच होतं. सासूबाईंची घाई, गड्याची परतीच्या गाडीची घाई, मी शेवटची शिवण संपवली, दोरा तोडला आणि पोलकं गुंडाळून दिलं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली तेव्हा आठवलं, की शेवटच्या फासातून दोरा ओवायचा राहिला. टोक तसंच लोंबतंय! मला कचेरीतला तो भला माणूस आठवला. कल्याणला काय भल्या माणसांची वाण असते?

चार दिवसांनी निरोप आला. पोलकं नाही, गडी नाही, खुद्द विहीणबाई येणार आहेत म्हणून. सासूबाईंनी तर हातपायच गाळले. मी म्हटलं, संपलं आता. पोरगीही जाणार आणि घराण्याची लबाडीही कल्याणभर होणार.

विहीणबाई आल्या. स्टेशनावरून बैलांच्या दमणीतून आल्या आणि ताठ उतरल्या. उंच, काळ्यासावळ्या, ओठ घट्ट मिटलेले. मुलीच्या घरी विहीण म्हणजे देवाच्या वरताण. पाय धुवा, वारा घाला, पाटाखाली रांगोळी काढा. आमचे हे तर तांब्या घेऊन असे धावले, की बघणाऱ्याला वाटावं घराला आग लागली. बाईंनी पाय धुऊन घेतले, वन्संना एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि सासूबाईंना म्हणाल्या, "विहीणबाई, पुरणपोळी होऊ द्या. मला घाई नाही." सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. पुरण म्हणजे दुपार गेलीच. मग बाई माझ्याकडे वळल्या. "काय गं, तुमच्याकडे म्हणे यंत्र आहे. दाखव बघू."

मी त्यांना माजघरात नेलं. त्यांनी दार लोटलं आणि पदराखालून गाठोडं काढलं. वर आमचं पोलकं होतं. सगळ्या चुण्या सुटलेल्या, कापडावर दुमडीच्या रेषा स्पष्ट.

"दोरा लोंबत होता," त्या म्हणाल्या. "मला लोंबता दोरा बघवत नाही. ओढला. मग बाकीचेही सोडवून बघितले."

मी खाली बघत उभी. म्हटलं, जे बोलायचं ते मला बोला, पोरीला काही ठाऊक नाही.

"बोलायचं काय? शिवण अशी सोडतात होय? शेवट बांधून नको घ्यायला? नशीब, पोलकं आधी माझ्या हातात आलं. त्यांच्या हातात पडलं असतं म्हणजे?"

मी वर बघितलं. मला काही उमगेना. तेव्हा त्यांनी गाठोड्यातून दुसरं पोलकं काढलं आणि आमच्या पोलक्याशेजारी पसरलं. जुनं, अंजिरी, काठाला विटलेलं. म्हणाल्या, "हे पहिलीचं. माझ्या पहिल्या सुनेचं. आमच्याकडे आणली तेव्हाचं तिचं हे पोलकं. तुमचं मापाचं आलं की ते झोपाळ्यावर बसून दोन्ही एकावर एक ठेवतात. हिचं तिच्याएवढं झालं की आणायची, असं त्यांनी ठरवलंय."

मी म्हटलं, आणि ती पहिली?

"तेरावं लागलं होतं. बाळंतपणात गेली. पोरही गेलं." त्यांनी अंजिरी पोलक्याच्या बाहीवरची सुरकुती हाताने सारखी केली. "मी काही म्हणाले नव्हते तेव्हा. मला कोण विचारतंय?"

स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. मग बाईंनी अंजिरी पोलकं उलटं केलं. बगलेच्या शिवणीत माया म्हणून सोडलेलं कापड पूर्ण बाहेर काढलेलं, नवी शिवण अगदी काठावर घातलेली. बाह्यांचंही तेच. हाताचे टाके, आणि काय वाईट टाके! एक लांब, एक आखूड, एक वर, एक खाली.

"तू हिचं आत घेत होतीस, मी तिचं सोडत होते," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटतं, सून काही वाढत नाही. परवा वैद्याला विचारायला निघाले होते."

मला हसूही येईना आणि रडूही येईना, शेवटी दोन्ही एकदमच आलं. बाई तर तोंडावर पदर दाबून हसत होत्या. एवढी घट्ट मिटलेल्या ओठांची बाई, पण हसताना सगळी गदगदत होती. मग एकदम थांबून म्हणाल्या, "हसू नकोस. आता माझी माया संपली. आणखी सोडायला कापड नाही. म्हणून आले. तुझ्या यंत्राने पट्टी बसेल का यात? उद्या काढता आली पाहिजे. पोलकं तिचं आहे, मला ते कायमचं बिघडवायचं नाही."

पट्टीला कापड त्यांनी बरोबरच आणलं होतं. त्याच पोरीच्या अंजिरी परकराच्या घेरातलं. मी यंत्र पुढ्यात ओढलं, टाका लांब केला आणि दोन्ही बगलांत दोन पट्ट्या, बाह्यांत दोन, अशा बसवल्या. त्या चाक फिरवत होत्या, मी कापड धरलं होतं. शेवटी दोरा फासातून नीट ओवला आणि टोक आत दडवलं. मग वन्संच्या पोलक्यालाही पुन्हा चुण्या घातल्या, या खेपेला हलक्याच. तांब्या फिरवून झाल्यावर बाईंनी दोन्ही पोलकी एकावर एक ठेवून बघितली. मेलीचं मोठं आणि जितीचं लहान. "ठीक आहे," त्या म्हणाल्या.

जेवताना त्यांनी पोळीला नावं ठेवली, वरणाला नावं ठेवली, तुमच्या या सुनेला शिस्त नाही, असं माझ्याकडे बघून म्हणाल्या. आमचे हे खाली मान घालून "हो, हो" करत होते. विहीण गेल्यावर मला म्हणाले, "किती करारी बाई! हिच्यापुढे कुणाची टाप आहे?" मी म्हटलं, खरंच हो.

व्याह्यांनी पुढे दोन वर्षं पोलकी मागवली, एकमेकांवर ठेवली, आणि "अजून थोडं आहे" म्हणत बसले. शिवणीकडे बघायचं असतं हे पुरुषाला कुठून कळणार! वन्संना न्हाण आलं ते पंधरावं सरता सरता. मग मापाला कोण विचारतो? गडी नाही, पोलकं नाही, सरळ दमणी आली. जायच्या दिवशी त्यांच्या गाठोड्यात शेवटचं मापाचं पोलकं चुण्यांसकट तसंच होतं. मी म्हटलं, आता ओढा, मोकळं करा. ती म्हणाली, "राहू दे ना वहिनी. आणखी एकदा पाठवून बघू." मी तिला पोटाशी धरलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडून "अगं" निघालं. अगं, म्हटलं, आता कापडच पुरत नाही गं. सासूबाईंनी ऐकलं, पण रीतीची आठवण करून दिली नाही.

ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा अठरावं लागलं होतं. आधी सगळ्यांचा जीव टांगणीला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. हे ओसरीवर म्हणाले, "बघा, उशिरा पाठवली त्याचा फायदा! मी पहिल्यापासून म्हणत होतो." मी आतून चकार शब्द काढला नाही. सुधारकाला कशाला दुखवा?

बारशाला विहीणबाई आल्या. पुन्हा पाय धुणं, पुन्हा वारा, पुन्हा पोळीला नावं. बायका पांगल्यावर त्या बाळंतिणीच्या खोलीत आल्या, दार लोटलं आणि पदराखालून ते अंजिरी पोलकं काढलं. मला म्हणाल्या, "आता हे तिचं तिला परत कर." वन्सं काही न कळून बघत राहिल्या. तेव्हा कुठे बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, दोन वाक्यांत, तान्हीकडे बघत.

मी पट्टीचं टोक शोधून, शेवटचा फास सोडवून वन्संच्या हातात दिलं. तिने ओढलं. सर्र करून एक पट्टी सुटली, मग दुसरी, मग बाह्यांच्या. मी बाईंचे ते वाकडेतिकडे टाकेही कापून काढले आणि जुन्या शिवणीच्या रेषेवर कापड दुमडून धरलं. तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन बसलेल्या वन्संच्या पुढ्यात ते पोलकं पडलं होतं. तिने त्यावर पंजा ठेवला. पंजाने अर्धंअधिक झाकलं गेलं.

"एवढीशी होती?" ती म्हणाली.

मी यंत्र माजघरातच राहू दिलं, सुईत दोरा ओवला आणि ती शिवण हाताने घातली, पक्की.